हद्दीबाहेरचं शहर : लास व्हेगस

लास व्हेगस या स्पॅनिश नावाचा अर्थ कुरणं. मोजावेच्या वाळवंटात इथे जमिनीतून झरे फुटायचे, भोवती गवत माजायचं. इथले मूळ रहिवासी पायूट लोक त्या पाण्याच्या आधाराने राहत. १८५५ मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी तिथे किल्लेवजा वसाहत केली, ती दोन वर्षांत मोडली. गाव वसलं ते रेल्वेमुळे. लॉस एंजेलिस ते सॉल्ट लेक सिटी या मार्गावर वाफेच्या इंजिनाला मध्येच पाणी लागणार, म्हणून विल्यम क्लार्कच्या रेल्वे कंपनीने १९०२ मध्ये हेलन स्टुअर्टबाईंचं झऱ्यांसकट रँच विकत घेतलं आणि १५ मे १९०५ पासून दोन दिवस भूखंडांचा लिलाव केला. पाणी मात्र कंपनीने स्वतःच्याच हातात ठेवलं. दारूविक्री ठरावीक ब्लॉकपुरतीच होती. कोणती गोष्ट कुठल्या रेषेच्या आत चालते आणि कुठे नाही, हा प्रश्न या गावाला तेव्हापासून चिकटलेला आहे.

लास व्हेगस ज्या राज्यात आहे त्या नेवाडाने १९१० मध्ये जुगार बंद केला होता. १९२२ च्या संपानंतर रेल्वेचं दुरुस्तीचं वर्कशॉपही दुसऱ्या गावी गेलं. १९३० च्या शिरगणतीत वस्ती भरली जेमतेम ५,१६५. मंदीत राज्याला पैसा हवा होता, म्हणून मार्च १९३१ मध्ये जुगार पुन्हा कायदेशीर झाला. त्याच वर्षी घटस्फोटासाठी लागणारी वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आली. कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणाचं कामही तेव्हाच सुरू झालं. मजुरांसाठी सरकारने बोल्डर सिटी बांधली आणि तिथे दारू, जुगार दोन्ही बंद ठेवले. मग पगाराच्या दिवशी मजूर जाणार कुठे? लास व्हेगसच्या फ्रीमाँट स्ट्रीटवर.

पुढची रेषा शहराची स्वतःची. १९४१ मध्ये एल रँचो व्हेगस हे हॉटेल लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या हायवे ९१ वर, शहराच्या हद्दीच्या जरासं बाहेर उभं राहिलं. जागा स्वस्त, शहराचे कर नाहीत, गाड्या लावायला हवी तेवढी जमीन. त्याच रस्त्याची पुढे ‘स्ट्रिप’ झाली. शहर तो भाग गिळणार असं दिसताच हॉटेलमालकांनी हालचाल केली आणि १९५० मध्ये काउंटीकडून, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडून, पॅराडाइज नावाची वेगळी वस्ती जाहीर करून घेतली. आज पर्यटक ज्याला लास व्हेगस म्हणतात, त्यातला बराचसा भाग कागदोपत्री लास व्हेगसमध्ये नाहीच. स्वागताची ती प्रसिद्ध पाटीसुद्धा नाही!

आता खोल्यांचं गणित. अमेरिकन रूले या जुगारातल्या फिरत्या चाकाला ३८ घरं असतात : १ ते ३६, शिवाय शून्य आणि दुहेरी शून्य. एका आकड्यावर पैसे लावून जिंकलात तर लावलेले पैसे परत आणि वर त्यांच्या ३५ पट मिळतात. म्हणजे लावलेल्या दर १०० डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर कॅसिनोचे. पण ही सरासरी दोन-चार फेऱ्यांत दिसत नाही. गिऱ्हाईक तासन् तास बसलं तरच दिसते. डिसेंबर १९४६ मध्ये स्ट्रिपवर फ्लेमिंगो हे कॅसिनो-हॉटेल उघडलं तेव्हा हॉटेलच्या खोल्याच तयार नव्हत्या. लोक आले, खेळले आणि झोपायला दुसरीकडे गेले. जिंकलेलेही पैसे घेऊन निघून गेले. महिन्याभरात कॅसिनो बंद करावा लागला. खोल्या तयार झाल्यावर मार्च १९४७ मध्ये तो पुन्हा उघडला. स्वस्त जेवण, मोठाले कार्यक्रम, पोहण्याचे तलाव हे सगळं माणूस मुक्कामाला राहावा म्हणून.

भांडवलाची अडचण वेगळी होती. प्रत्येक भागधारकाला परवाना घ्यावा लागे, त्यामुळे शेअरबाजारातल्या कंपन्यांना दार बंद. बँका हात आखडता घेत. टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या युनियनच्या पेन्शन फंडातून कर्जं येत आणि त्यासोबत गुन्हेगारी टोळ्याही. १९६७ आणि १९६९ च्या कायद्यांनी ती अट सैल केली आणि मोठ्या कंपन्या आल्या. १९८९ मध्ये उघडलेल्या मिराज या कॅसिनो-हॉटेलमध्ये सुमारे ३,००० खोल्या होत्या.

आणि पाणी? मूळ झरे उपशामुळे १९६२ मध्ये आटले. आता बहुतेक पाणी हूवर धरणामागच्या मीड सरोवरातून येतं. कोलोरॅडोत नेवाडाचा मूळ वाटा वर्षाला ३ लाख एकर-फूट (एक एकर जमिनीवर एक फूट उंच उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट). शेजारच्या कॅलिफोर्नियाचा ४४ लाख. मात्र शुद्ध करून सरोवरात परत सोडलेलं पाणी या हिशेबातून वजा होतं, आणि तेवढं पुन्हा उपसता येतं. म्हणून हॉटेलातल्या आंघोळीचं पाणी फारसं महाग पडत नाही, ते गटारातून परत येतं. महाग पडतं ते हिरवळीचं, कारण ते हवेत उडून जातं. २०२१ च्या कायद्याप्रमाणे, स्वतंत्र घरांच्या आवारातली सोडून इतर ठिकाणच्या नुसत्या शोभेच्या हिरवळीला २०२७ पासून कोलोरॅडोचं पाणी मिळणार नाही. घरासमोरचं गवत उपटणाऱ्याला पाणीखातं चौरस फुटाच्या हिशेबाने पैसे देतं.