एमएलसीच्या कागदावरची टाळेबंदी

(दृश्य: त्र्यंबक रोड, सिव्हिलचं फाटक, आत शिरणारी 108)

अपघात, मारहाण, विषबाधा, भाजणं. असा रुग्ण नाशिकच्या सिव्हिलमध्ये आला की कॅज्युअल्टीत केसपेपरसोबत आणखी एक कागद निघतो, एमएलसीचा. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवावं लागणारं प्रकरण. नाव, वय, कोणी आणलं, पोलीस असेल तर बक्कल नंबर, दोन ओळखखुणा, अंगठ्याचा ठसा, जखमेची जागा आणि मोजमाप. मग पोलीस चौकीला कळवायचं, पोच घ्यायची.

25 मार्च 2020 ला कोविडची टाळेबंदी लागली. मुंबई-आग्रा महामार्ग ओस पडला, सातपूर-अंबडची यंत्रं थांबली. अपघात घटले, पण आकडे नीट वाचायला हवेत. राज्यात 2019 साली 32,925 रस्ते अपघात झाले, 12,788 माणसं गेली. 2020 मध्ये अपघात 24,971, मृत्यू 11,569. अपघात चौथ्या हिश्श्याने कमी झाले, मृत्यू मात्र दहा टक्क्यांनीही नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वेग वाढतो, हे त्यामागचं एक कारण.

याहून मोठा फटका बसला तो पुराव्याला. कारण उशीर.

(दृश्य: सुरगाण्याचा रिकामा एसटी स्टँड)

मारहाणीचा वळ आधी लाल, दोन-तीन दिवसांत निळा-काळसर, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवट, मग पिवळा. दोन आठवड्यांत त्वचा पूर्ववत. चौदा दिवस विलगीकरणात काढून, किंवा एसटी बंद म्हणून घरातच अडकून उशिरा आलेल्या बाईच्या अंगावर डॉक्टरांनी काय शोधायचं? लैंगिक अत्याचारात तर 96 तास उलटले की योनिमार्गातल्या स्वॅबचा सहसा उपयोग उरत नाही. उपचार नाकारायची मुभा कायद्यानं कुठल्याच रुग्णालयाला दिलेली नाही. पण दारापर्यंत पोचायचं कसं?

पोचलेल्यांचीही तपासणी बदलली. माणूस दारू प्यायलाय का, हे ठरवताना डॉक्टर श्वासाचा वास, बोलणं, चाल, डोळ्यांच्या बाहुल्या बघतात. एन-95 मास्कमधून वास कसला येणार! मग भिस्त रक्तावर. तिथेही गोम आहे. हे रक्त घेताना त्वचेला स्पिरिटचा बोळा लावायचा नाही, हा जुना नियम. कोविडकाळात हातमोज्यांवर सॅनिटायझर, म्हणजे तेही अल्कोहोलच. त्वचा साबण-पाण्यानं पुसायची, हातमोजे कोरडे असावेत, रक्त सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट घातलेल्या बाटलीत घेऊन झाकण घट्ट लावायचं. एप्रिल 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन माणसं मेली. तेव्हा नुसतं ‘दारू घेतली का’ विचारून भागत नाही, नेमकं काय प्यायला ते विचारावं लागतं.

द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात कीटकनाशक प्यायलेले रुग्ण नेहमीचेच. पोट धुताना नळीमुळे ओकारी आणि खोकला येतो, थेंब उडतात. म्हणून तेव्हा पीपीई किट चढवणं भाग होतं. या गडबडीत राहून जायचं ते पोटातून निघालेलं पहिलं पाणी. विष त्यात सर्वात जास्त असतं. ते वेगळ्या बाटलीत, सील करून ठेवायचं असतं.

(दृश्य: शवागाराचं बंद दार)

मे 2020 मध्ये आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, शवविच्छेदनाबद्दल सूचना काढल्या. रुग्णालयात कोविडनं झालेला मृत्यू एमएलसी नाही. मृतावस्थेत आणलेल्या संशयिताचा देह चाचणीचा अहवाल येईपर्यंत शवागारात ठेवायचा. शवविच्छेदन करावंच लागलं, तर शक्यतो चिरफाड न करता, बाह्य तपासणी आणि छायाचित्रांवर भागवायचं. आजारपणातला मृत्यू आणि अनैसर्गिक मृत्यू यांतली ही रेघ नाशकात 21 एप्रिल 2021 ला पुसट झाली. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन टाकीला गळती लागली, त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. सगळे दाखल होते आजारासाठी. जीव गेला प्राणवायू तुटल्यानं.

(दृश्य: कोरा एमएलसी फॉर्म)

यातली प्रकरणं कोर्टात उभी राहतात ती वर्षांनंतर, आणि बचावाचा वकील उशिरावरच बोट ठेवतो. म्हणून कागदावर घटनेची, रुग्ण आल्याची आणि तपासणीची, अशा तीन वेळा वेगळ्या लिहाव्या लागतात. उशिराचं कारण रुग्णाच्याच शब्दांत. आणि वास घेताच आला नसेल, तर ‘वास नाही’ असं लिहायचं नाही. ‘मास्कमुळे वास तपासला नाही’ असं लिहायचं.