चष्म्याशिवाय सराफा

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या थंडीत माझा चष्मा आपल्या इंदूरच्या सराफ्यात फुटला. दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री त्यांच्याच ओट्यांवर खाऊगल्ली, तो सराफा. रात्री साडेदहाची वेळ. नातवाला गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडी, खायचे होते, आणि मी त्याच्या मागे मागे. कुणाचं तरी कोपर लागलं, चष्मा खाली पडला, आणि मी वाकेपर्यंत एका बुटाखाली गेलासुद्धा. माझा नंबर उणे सात. म्हणजे समोर उभा माणूस मला नुसता गोळा दिसतो. नातू घाबरला. म्हणाला, "आजी, तुला काही दिसतंय का?"

मी म्हटलं, "सराफा दिसतोय की."

बोलून गेले आणि मलाच गंमत वाटली. पाटी वाचता येत नव्हती, चेहरे नव्हते, कढई कुठली नि तवा कुठला कळत नव्हतं. पण दोन्हीकडे उंच गडद पट्टे, मधे चिंचोळी वाट, खाली पिवळ्या उजेडाचे डाग आणि त्यात हलणारी गर्दी. झाला सराफा! आता तुम्ही म्हणाल, बाई, तिथे उभ्या आहात हे तुम्हाला ठाऊकच होतं. कबूल. पण घरी येताना रिक्षातून राजवाड्याचा चौक आला तोही कळला, कृष्णपुऱ्याचा पूल आला तोही कळला. सगळं तसंच धुरकट होतं.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. आपण आधी वस्तू ओळखतो, मग त्यांची बेरीज करून जागा ओळखतो, असं विद्यार्थ्यांना हमखास वाटायचं. कढई दिसली, दोना दिसला, गर्दी दिसली, म्हणजे खाऊगल्ली. प्रत्यक्षात जागेचा अंदाज बऱ्याचदा वस्तूंची वाट पाहतच नाही.

फिलिप शीन्स आणि ओद ओलिव्हा यांनी १९९४ साली एक खट्याळ प्रयोग केला. दोन फोटो एकात एक मिसळले. एकाचे फक्त ढोबळ, पुसट आकार ठेवले, दुसऱ्याच्या फक्त बारीक रेषा. चित्र ३० मिलिसेकंद दाखवलं तर लोकांना पुसट फोटोतली जागा ओळखू यायची. १५० मिलिसेकंद दाखवलं तर रेषांमधली. चित्र तेच! पुढे त्यांनीच दाखवलं की डोळ्यांना काम काय सांगितलंय त्यावर हा क्रम बदलू शकतो, म्हणजे तो काही दगडावरची रेघ नाही. नंतर आंतोनियो तोराल्बांनी फोटो लहान करत करत ३२ गुणिले ३२ ठिपक्यांवर आणले. अवघे १०२४ रंगीत ठिपके. तरी रस्ता, किनारा, खोली हे लोक बहुतेक वेळा बरोबर सांगत. तुमच्या मोबाइलच्या फोटोत ठिपके मोजायचे तर लाखांत आणि कोटींत मोजावे लागतात. माझ्या उणे सातच्या डोळ्यांत त्या रात्री किती होते कोण जाणे, पण पुरले.

आणि हे होतं किती पटकन? फ्रान्समध्ये तुलूझ इथे सायमन थॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लोकांना कधी न पाहिलेले फोटो केवळ २० मिलिसेकंद दाखवले. प्रश्न एकच, यात प्राणी आहे की नाही? डोक्यावर तारा लावून मेंदूचे विद्युतसंकेत टिपले. प्राणी असलेल्या आणि नसलेल्या फोटोंचे संकेत सुमारे १५० मिलिसेकंदांत वेगळे झाले होते. म्हणजे सेकंदाचा सातवा भाग. एवढ्यात आपले इंदुरी लोक "अरे भिया" मधला "अ" सुद्धा पुरा करत नाहीत.

बरं, डोळ्यांना एका वेळी लख्ख दिसतं तरी किती? हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. गाडी चालवत असाल तर नंतर पाहा. जवळपास त्या नखाएवढाच भाग खरा स्पष्ट असतो. बाकी सगळं कडेकडेने धूसर होत जातं. म्हणून डोळे सेकंदाला साधारण तीन उड्या मारत फिरतात. पुढची उडी कुठे मारायची हे ठरवायला जागेचा तो पहिला ढोबळ अंदाज उपयोगी पडतो. सराफ्यात दिवसा शिरलात तर नजर काउंटरच्या काचेखाली जाते, रात्री शिरलात तर कढईकडे. ओटे तेच, गल्लीही तीच.

मेंदूत जागांसाठी खास धावून येणारा एक पट्टाही सापडला आहे. रसेल एप्स्टाइन आणि नॅन्सी कॅनविशर यांनी १९९८ मध्ये त्याचं वर्णन केलं. चेहरे किंवा सुटी वस्तू दाखवली तर तो मंद असतो, खोली किंवा रस्ता दाखवला की जोरात जागा होतो. मला यातलं आवडतं ते हे, की सामानाने भरलेली खोली आणि साफ रिकामी खोली त्याला जवळजवळ सारखीच. सामानाशी त्याला फारसं घेणंदेणं नाही, भिंती कशा उभ्या आहेत त्याच्याशी आहे.

तर रिकाम्या जागेवरून आठवलं. आमच्याकडे एक जुना फोटो आहे. आई, बाबा, ताई आणि मी, मागे राजवाडा. मला तो पाठ होता. खाली दगडी मजले, वर लाकडी, सातवा मजला, त्याच्यावर आभाळाची पट्टी. चष्मा नवा आला त्या आठवड्यात अल्बम काढला. फोटोत राजवाडा तिसऱ्या मजल्यावरच कापलाय. आभाळ नाहीच.

हेलेन इन्ट्रॉब आणि मायकल रिचर्डसन यांनी १९८९ मध्ये हे नोंदवलं आहे. जवळून काढलेला फोटो आठवताना माणसं चौकटीबाहेरची, कधी न दिसलेली जागाही त्यात जोडून ठेवतात. लांबून काढलेल्या फोटोंत उलटंही होतं, आठवण आत आक्रसते, असं अलीकडे दिसलंय. आमचा फोटो जवळून काढलेला होता.

हे सगळं मी ताईला फोनवर नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते असू दे गं, पण फोटो वरून कातरला कुणी?"

नमस्कार.