शंका कुणाला विचारायची?

श्रोतेहो, नमस्कार.

परभणी किंवा बुलढाण्याच्या एखाद्या तालुक्यातून मराठी माध्यमात शिकून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आलेला मुलगा पहिल्याच सत्रात दोन विषयांत मागे राहिला, की ‘पाया कच्चा होता’ असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या चार महिन्यांत तो कुणाशी किती बोलला, याची चौकशी सहसा होत नाही.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या यूरी ट्रीझमन यांनी ती चौकशी केली. कॅल्क्युलस या गणिताच्या शाखेत कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत आणि प्राध्यापक त्याचे कारण घरच्या गरिबीत किंवा अपुऱ्या तयारीत शोधत. ट्रीझमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळून पाहिला. कृष्णवर्णीय मुले इमानेइतबारे अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी मुले आधी स्वतः गणिते सोडवत, मग एकत्र जमून एकमेकांची उत्तरे तपासत. एखादे गणित कुणालाच सुटले नाही, तर ते गणितच अवघड आहे हे त्यांना उमगत असे.

मला यातले हे उमगणे फार मोलाचे वाटते. एकट्या मुलाजवळ ताडून पाहायला दुसरी वहीच नसते, त्यामुळे गणित अवघड आहे की आपणच कमी आहोत, याचा निवाडा तो बहुधा स्वतःच्या विरुद्ध देतो. मग वर्गात हात वर होत नाही, तोंडी परीक्षेत येत असलेले उत्तरही घशात अडकते, गुण घसरतात आणि ते गुण मनात घेऊन मेसमध्ये चौघांच्या टेबलाशी जाऊन बसणे त्याला आणखी जड जाते.

ट्रीझमन यांनी या मुलांसाठी उजळणीचे वर्ग काढले नाहीत. अधिक अवघड गणिते गटाने सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या, आणि त्यांत येणाऱ्यांचे गुण वाढले. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, तेव्हा राहणे, जेवणे आणि शिकणे ही त्यांच्या लेखी एकाच शिक्षणाची अंगे होती.

प्राध्यापक मित्रहो, प्रात्यक्षिकांसाठी तुकड्या आपण पाडतोच. त्यातल्याच चौघांना आठवड्यातून एकदा, रिकाम्या वर्गात, एक अवघड गणित देऊन तासभर बसवा. आणि हे पहिल्या महिन्यातच करा, निकाल लागल्यावर नव्हे.