बायोकेमिस्ट्री घ्यायची म्हणता?

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला, पाठोपाठ नीटचा लागला, की आमच्या बायोकेमिस्ट्रीच्या, म्हणजे जीवरसायनशास्त्राच्या, विभागात पालकांची ये-जा सुरू होते. विद्यार्थी शेजारी गप्प उभा असतो, बोलतात ते आईवडील. आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "सर, एमबीबीएस थोडक्यात हुकलं. म्हटलं, बायोकेमिस्ट्री घेऊ दे. तेही मेडिकलच्या जवळचंच ना?"

जवळचं आहे, नाही असं नाही. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला हा विषय असतोच. पण बी. एस्सी.ला बायोकेमिस्ट्री घेणं म्हणजे प्रामुख्याने केमिस्ट्री शिकणं, हे कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षी मुलांच्या वाट्याला माणसाचं शरीर येत नाही. येतात ते पीएच म्हणजे आम्लतेचं माप, बफर म्हणजे तो पीएच फारसा बदलू न देणारं द्रावण, रासायनिक समतोल, लॉगॅरिदम. अमुक पीएचचा बफर बनवायचा तर आम्ल किती आणि क्षार किती, याचं गणित कागदावर सुटल्याशिवाय बाटलीला हात लावता येत नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्री नको म्हणून जो इकडे वळतो, तो आगीतून फुफाट्यात पडतो. उलट ज्याला बारावीत केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आवडायचं आणि बायोलॉजीतली पाठांतरं रटाळ वाटायची, त्याने हा विषय जरूर घ्यावा. असा विद्यार्थी आला की मला फार बरं वाटतं, आणि तो नेमका कमी येतो.

एक साधं प्रॅक्टिकल सांगतो. एन्झाइम म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन. लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम स्टार्च कसं तोडतं, ते पाहायचं. तोंड खळखळून धुवायचं, लाळ गोळा करायची, गाळून पातळ करायची. इथे सगळे नाक मुरडतात. मग परीक्षानळीत स्टार्चचं द्रावण, 6.8 पीएचचा बफर आणि थोडं मिठाचं पाणी घेऊन नळी 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवायची. लाळ टाकली की घड्याळ सुरू. पांढऱ्या टाइलवर आयोडिनचे थेंब आधीच मांडून ठेवलेले असतात. दर मिनिटाला नळीतला एक थेंब काढायचा आणि आयोडिनच्या थेंबात सोडायचा. पहिला थेंब निळाकाळा होतो. मग जांभळा. मग लालसर तपकिरी. आणि एका क्षणी रंग बदलतच नाही, आयोडिनचा पिवळेपणा तसाच राहतो. स्टार्चचे मोठे तुकडे संपले, असा त्याचा अर्थ.

खरी मजा इथून पुढे. दुसऱ्या नळीत मीठ घालायचं नाही, तर काम मंदावतं, कारण या एन्झाइमला क्लोराइड लागतं. तिसऱ्या नळीत लाळ उकळून टाकायची, तर रंग शेवटपर्यंत निळाच, कारण उष्णतेने प्रथिनाची घडीच मोडलेली असते. आणि एकाच बाकावरच्या दोघांच्या वेळा जुळत नाहीत. तेव्हा मुलं घाबरतात, एकमेकांच्या वहीत डोकावतात, आकडे जुळवून घेतात. याला आमच्याकडे रीडिंग 'कुक' करणं म्हणतात. वास्तविक त्या दोन वेळा वेगळ्या असायलाच हव्यात! अमायलेजच्या जीनच्या प्रती कुणाकडे जास्त असतात, कुणाकडे कमी, आणि त्याप्रमाणे लाळेतलं एन्झाइमही कमी-जास्त असतं. जुळवलेल्या आकड्यांनी मार्क मिळतात, पण हातात आलेली गोष्ट निसटते.

पाठांतराचा विषय निघालाच आहे तर क्रेब्स सायकलबद्दल, म्हणजे पेशीत अन्न जाळून ऊर्जा मिळवणाऱ्या रासायनिक पायऱ्यांच्या चक्राबद्दल बोलू. हे चक्र रात्रभर घोकून परीक्षेत काढायचं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरायचं, ही परंपराच आहे. पण ते सापडलं कसं? 1937 साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हान्स क्रेब्स कबुतराच्या छातीच्या स्नायूचा खिमा वापरत होते. उडणाऱ्या पक्ष्याचा हा स्नायू ऑक्सिजन भराभर खातो. त्यात चिमूटभर सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, टाकलं, तर ऑक्सिजनचा खप अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढला. ते सायट्रेट पूर्ण जाळायला जेवढा ऑक्सिजन लागला असता, त्याहूनही जास्त. म्हणजे सायट्रेट जळून संपत नव्हतं, पुन्हापुन्हा तयार होत होतं. सरळ रेषेत हे शक्य नाही, वाट फिरून मूळ जागी येत असली पाहिजे. त्यांनी हे 'नेचर' या विज्ञानपत्रिकेकडे पाठवलं, तर आधीच पत्रांचा ढीग साचलाय म्हणून ते परत आलं. पुढे 1953 साली क्रेब्सना नोबेल मिळालं. हा युक्तिवाद एकदा कळला, की 'मॅलोनेट टाकल्यावर काय साचेल?' या प्रश्नाला घोकंपट्टी लागत नाही. चक्रातलाच सक्सिनेट हा पदार्थ साचेल, कारण त्याच्या पुढची पायरी मॅलोनेट अडवतं.

आपल्याकडे या विषयाची परंपरा नाही असं समजू नका. दुर्गाबाई भागवतांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. त्यांची बहीण कमला, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन 1933 साली बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष काम पाहून ठरवू, अशा अटीवर घेतलं. वर्षभरात त्यांनी रामन यांचं मत बदलायला लावलं, आणि त्यानंतर तिथे मुलींना दार उघडलं. पुढे 1939 साली त्यांनी केंब्रिजची पीएच. डी. मिळवली. वनस्पतींमध्येही सायटोक्रोम सी, म्हणजे पेशीच्या श्वसनाला लागणारं एक प्रथिन, असतं, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवलं होतं. त्यांचा प्रबंध जेमतेम 40 पानांचा. आजच्या जाडजूड प्रबंधांच्या काळात हे मी मुद्दाम सांगतो. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत काम केलं, तेही कशावर? कडधान्यं आणि नीरा, म्हणजे गरिबाच्या ताटात आणि पेल्यात काय पोषण आहे, यावर. कच्च्या कडधान्यात आपल्या ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमला, अडवणारी प्रथिनं असतात. नीट शिजवली की त्यांचा जोर बराच कमी होतो.

आता नोकरी. ती न सांगता उठलो, तर पालक मला सोडणार नाहीत. नुसत्या पदवीवर औषध, लस किंवा खाद्यपदार्थांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काम मिळू शकतं, सुरुवातीचा पगार बेताचा असतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचं तर त्यासाठी डीएमएलटीसारखा, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमासारखा, वेगळा अभ्यासक्रम आहे, बायोकेमिस्ट्रीच्या पदवीवर ते गृहीत धरू नका. या विषयात खरं पुढे जायचं असेल तर एम. एस्सी. धरूनच चला. नागपूर, पुणे, बडोदा इथे चांगली सोय आहे. एम. एस्सी.च्या प्रवेशासाठीच्या जॅम परीक्षेत बायोकेमिस्ट्रीचा स्वतंत्र पेपर नाही, मुलं बायोटेक्नॉलॉजीचा देतात नाहीतर केमिस्ट्रीचा. म्हणजे केमिस्ट्री इथेही पाठ सोडत नाही. आणि पुढच्या वर्षी पुन्हा नीट द्यायची आहे, तोवर 'कुठेतरी नाव असावं' म्हणून येत असाल, तर कृपा करून येऊ नका. प्रॅक्टिकल बुडवणाऱ्याला हा विषय कळतच नाही, आणि एक जागा मात्र अडते.

कॉलेज निवडताना इमारत आणि माहितीपत्रक पाहून भुलू नका. प्रयोगशाळा दाखवा म्हणा. द्रावणाच्या रंगाची गडदता मोजणाऱ्या एका कलरीमीटरमागे किती मुलं, ते विचारा. मायक्रोपिपेट कपाटात कुलूपबंद आहेत की टेबलावर, ते पाहा. इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे विजेच्या साह्याने प्रथिनं वेगळी करायचा, संच असेल, तर तो शेवटचा कधी चालवला हे शिक्षकांना नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. आणि हे सगळं प्रवेशाची फी भरायच्या आधी करा.

नमस्कार.