आडव्या वाडीत चेन सॉ: लाकडातला ताण आणि साखळीची धार

[दृश्य: रायगड किनाऱ्यालगतची नारळ-पोफळीची वाडी. एकमेकांवर पडलेले माड, त्यांच्याखाली वाकलेल्या पोफळी, कडेला मुळासकट उपटलेला आंबा.]

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि खाली मंडणगड-दापोलीपर्यंतच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनारा घासत गुजरातकडे गेलं, तेव्हा पुन्हा तेच.

अशा वेळी कोयता-कुऱ्हाड पुरत नाही, चेन सॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, हातात घ्यावी लागते. पाऊस तोंडावर, पाखाडी बंद, घराच्या कौलांवर फांदी. शिवाय माडाचे ओंडके वाडीत कुजत पडले, की गेंड्या भुंगा त्यांत अंडी घालतो आणि पुढे वाचलेल्या माडांच्या शेंड्यात शिरतो. म्हणजे घाई खरीच आहे. पण पडलेलं झाड कापणं हे उभं झाड पाडण्याइतकंच, कित्येकदा त्याहून अधिक धोक्याचं काम आहे. वाकलेल्या, अडकलेल्या, दबलेल्या लाकडात ताण भरलेला असतो. तो सुटेल तेव्हा लाकूड कुठे जाणार, हे मशीन चालू करण्याआधी ओळखावं लागतं.

[दृश्य: माडाच्या शेंड्यात गुंतलेली विजेची तार.]

सगळ्यात आधी वर आणि आजूबाजूला बघायचं. झाडात तार गुंतलेली असेल तर ती मेलेली आहे असं कधीच धरायचं नाही. महावितरणला १९१२ वर कळवायचं आणि त्यांच्या माणसाने लाइन बंद करून तसं सांगेपर्यंत त्या झाडाला हात लावायचा नाही. ओलं झाड वीज वाहून नेतं. गावात एखाद्याने घरचा जनरेटर मेन स्विच न पाडता जोडला असेल, तर बंद लाइनमध्येही उलटा करंट येऊ शकतो.

[दृश्य: मशीन जवळून. कॅमेरा मागच्या हँडलपासून बारच्या टोकापर्यंत सरकतो.]

आता मशीन. टू-स्ट्रोक इंजिन, त्याला केंद्रापसारक क्लच, म्हणजे वेग वाढला की पकड घेणारा, क्लचवर स्प्रॉकेट हे दातेरी चक्र, आणि स्प्रॉकेटने बारच्या, म्हणजे पुढच्या लांब पात्याच्या, खाचेतून फिरवलेली साखळी. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या पुढे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर साखळी थांबलीच पाहिजे. इंजिन नुसतं गुरगुरत असताना ती सरकत असेल, तर इंजिनाचा मंद वेग ठरवणारा आयडल स्क्रू लावून घ्यायचा. तोवर ते मशीन कामाचं नाही.

पुढच्या हँडलसमोर उभी असलेली प्लास्टिकची ढाल म्हणजे चेन ब्रेक. हात सटकू नये हा तिचा एक उपयोग. ती पुढे ढकलली की क्लचच्या ड्रमभोवतीचा पट्टा आवळतो आणि साखळी जागीच थांबते, हा दुसरा आणि मोठा. रोज काम सुरू करण्याआधी मशीन जमिनीवर टेकवून, साखळी फिरत असताना, हँडल न सोडता डाव्या मनगटाने ती ढाल पुढे ढकलून बघायची. साखळी क्षणात थांबली नाही तर त्या दिवशी काम नाही. ब्रेकच्या पट्ट्यात भुसा आणि तेल साचून तो घसरतो. बहुतेक वेळा साफ केल्यावर सुधारतो, पट्टा झिजला असेल तर बदलावा लागतो.

[दृश्य: मशीन सुरू करण्याची पद्धत.]

चालू करताना मशीन सपाट जमिनीवर. ब्रेक लावलेला. उजव्या पायाचा पंजा मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर ताठ, उजव्या हाताने दोरी. मशीन हवेत धरून खाली झुकवत दोरी ओढायची पद्धत गावोगाव दिसते. ती कृपा करून सोडा. त्यात साखळी मांडीपासून वीतभर अंतरावर, आणि मशीन एकाच हातात.

पायात बूट हवेत, पुढे स्टीलची टोपी असलेले. चपलेवर हे काम नाही. हेल्मेट, जाळीची किंवा प्लास्टिकची झडप, आणि कानांवर मफ, कारण आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि गेलेलं ऐकू परत येत नाही. पायांवर चेन सॉचे चॅप्स, म्हणजे पँटवरून बांधायची संरक्षक आवरणं, घातली तर त्यांतले लांब तंतू साखळी लागताच बाहेर ओढले जातात, स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि साखळी अडवतात. जीनच्या पँटने तसं काहीही होत नाही. मशीनपेक्षा स्वस्त वस्तू आहे ही, आणि तरी सगळ्यात शेवटी घेतली जाते.

[दृश्य: बारच्या टोकावर खडूने रंगवलेला वरचा पाव भाग.]

बारच्या टोकाचा हा वरचा पाव भाग नीट बघून ठेवा. चालती साखळी इथे कशाला टेकली, मागे लपलेल्या फांदीला किंवा दुसऱ्या ओंडक्याला, तर दात लाकूड कापण्याऐवजी त्यात रुततो आणि सगळी ताकद उलटी फिरून बार वर आणि मागे, थेट चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. हे इतक्या झटपट होतं, की बघून हात आवरायला वेळच मिळत नाही. म्हणून सवयी आधीच लावायच्या. उजवा हात मागच्या हँडलवर, डावा पुढच्यावर, डावखुऱ्या माणसानेही असंच. डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून वळवून घट्ट मिटलेला. डोकं आणि मान साखळीच्या रेषेत नको, किंचित डावीकडे. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, आणि शिडीवर उभं राहून तर नाहीच नाही.

[दृश्य: दोन बांधांवर टेकलेला माड. नंतर एका टोकाने अधांतरी राहिलेला ओंडका.]

आता लाकूड वाचायला बसू. माड हा ताण समजून घ्यायला चांगला, कारण त्याला फांद्या नाहीत, सरळ तुळई असते. हा माड दोन्ही टोकांना टेकला आहे आणि मधे पोकळी आहे. मधोमध वजनाने तो खाली झुकतो. वरचं अंग दाबलं गेलंय, खालचं ताणलं गेलंय. नुसतं वरूनच कापत गेलात तर काप मिटतो आणि बार चिमटून बसतो. म्हणून दाबातल्या अंगाने, म्हणजे वरून, जाडीच्या साधारण एक तृतीयांश कापायचं. काप मिटायला लागतोय असं दिसताच थांबायचं. मग खालून, बारच्या वरच्या धारेने, वर येत दोन्ही काप जुळवायचे. बारच्या वरच्या धारेने कापताना मशीन आपल्याकडे ढकललं जातं, तेव्हा पाय आधीच रोवलेले हवेत.

दुसरा ओंडका एका बाजूने टेकलाय, दुसरं टोक हवेत आहे. इथे उलटं. वरचं अंग ताणलेलं, खालचं दाबलेलं. आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. नुसतं वरून कापलं तर शेवटी शेवटी ओंडका लांबीत फाटतो, त्याची ढलपी निघते आणि ती मशीनसकट हात ओढून नेते.

दोन्हींत नियम एकच: दाबातलं अंग आधी, ताणातलं नंतर.

बार अडकलाच तर पहिलं काम इंजिन बंद करणं. मग प्लास्टिकची किंवा लाकडाची पाचर ठोकून, नाहीतर पहारीने ओंडका उचलून काप उघडायचा. चालू मशीन हिसडे देऊन काढू नका. लोखंडी पाचर वापरू नका, साखळी लागली तर दात गेले.

[दृश्य: माडाखाली धनुष्यासारखी वाकलेली पोफळ.]

सगळ्यात फसवी ही पोफळ. मनगटाएवढी, किरकोळ दिसते, पण वरच्या माडाने तिला धनुष्यासारखं वाकवून ठेवलंय. ती एका कापात तोडली तर सुटलेलं टोक माणसाचा जबडा मोडू शकतं. शक्य असेल तर आधी तिच्यावरचं ओझं काढायचं. नाहीच जमलं तर कमानीच्या आतल्या अंगाने थोडं थोडं तासत जायचं, तंतू हळूहळू ढिले होऊ द्यायचे. उभं राहायचं ते ती सरळ होईल त्या वाटेच्या बाहेर.

[दृश्य: उपटलेला आंबा, मातीचा उभा गड्डा, त्यामागचा खड्डा.]

आणि हा आंबा. मुळांसकट मातीचा गड्डा उभा राहिलाय, मागे खड्डा. या गड्ड्याला आत्ता खोडाच्या वजनाने तोलून धरलंय. खोड कापलं की तोल गेला, आणि कित्येक क्विंटलचा गड्डा परत खड्ड्यात बसतो, बुंधा वर उभा होतो. त्या खड्ड्यात, गड्ड्याच्या मागे कोणीही नको. वाडीत पोरं बघायला जमतात, त्यांना आधी लांब करा. बुंध्याचा चांगला लांब तुकडा गड्ड्याला राहू द्यायचा, आणि जमत असेल तर गड्डा साखळदंडाने बांधून मगच कापायचं. फांद्या उतरवताना झाड ज्या फांद्यांवर टेकलंय त्या शेवटी. उतारावर काम असेल तर उभं राहायचं वरच्या अंगाला.

[दृश्य: कापातून उडणारा भुसा, जवळून. आधी बारीक पीठ, मग जाड तुकडे.]

हा फरक बघा. धार असलेली साखळी लाकडाचे तुकडे काढते. बोथट साखळी पीठ काढते. पीठ दिसायला लागलं की चालवणारा जोर लावतो, जोराने मशीन घसरतं, बार तापतो, माणूस थकतो, आणि थकलेल्या हातातून उसळी आवरत नाही. धार हा सुरक्षेचाच भाग आहे, आणि बहुतेक ठिकाणी तीच दुर्लक्षित राहते.

माडाचं बाहेरचं लाकूड दाट आणि कठीण, गाभा मऊ, त्यामुळे धार लवकर उतरते. चढण्यासाठी पाडलेल्या खाचांत वाळू-माती साचलेली असते, तिथे काप घेण्याआधी खाच खरवडून घ्या. आंब्याच्या बुंध्यात जुने खिळे, तारा असतात. आणि साखळी एकदा जमिनीला लागली, की त्या क्षणी धार गेली समजा.

आजची साखळी या आकाराला आली त्याची गोष्ट लाकडातल्याच एका अळीची आहे. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जोसेफ बुफर्ड कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. तिचे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कुरतडत होते. त्यावरून त्याने डावा-उजवा असे आळीपाळीने वळलेले दात साखळीला दिले.

[दृश्य: शिकंज्यात धरलेला बार, दातावर फिरणारी गोल कानस.]

म्हणून धारही दोन्ही बाजूंनी सारखी लागते. कानस गोल, साखळीच्या पिचप्रमाणे, म्हणजे कड्यांमधल्या अंतराप्रमाणे: ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटर, लहान मशीनच्या ३/८ इंच लो-प्रोफाइल साखळीला ४ मिलिमीटर. पिच बारवर कोरलेला असतो. बार शिकंज्यात धरायचा, ब्रेक लावायचा. दाताच्या माथ्यावर बहुधा ३० अंशांची रेघ असते, कानस तिला समांतर. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर राहिला पाहिजे. पुढे ढकलताना दाब, मागे आणताना उचलून. मागे घासली तर कानस बोथट होते. एका दाताला मोजून तितकेच घाव, सगळ्या दातांना तितकेच. एका बाजूचे दात करून झाले की दुसऱ्या बाजूने उभं राहून दुसरे. डाव्या आणि उजव्या दातांच्या लांबीत फरक पडला की काप तिरका जातो, आणि लोक बारला दोष देतात.

प्रत्येक दातापुढे एक छोटं टेंगूळ असतं. दाताने किती खोल घ्यायचं हे ते ठरवतं. ते दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवं. तीन-चार वेळा धार लावून झाली की दात बसतो आणि टेंगूळ उंच राहतं, मग धार असूनही साखळी कापत नाही. गेज, म्हणजे उंची मोजायची पट्टी, ठेवून चपट्या कानशीने ते घासायचं. गेजशिवाय अंदाजाने जास्त घासलं तर दात मोठा घास घेतो आणि उसळी वाढते. दात झिजून ४ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत आला की साखळी टाकून द्यायची.

[दृश्य: बोटांनी साखळी ओढून पाहणं.]

साखळीचा ताण थंड असताना बघतात. बारचं टोक वर उचलून, साइड कव्हरचे नट सैल करून, स्क्रूने आवळायचं. खालच्या बाजूला साखळी बारला चिकटलेली, हाताने सहज फिरणारी, आणि ओढली तर तिचे खालचे दात खाचेतून पूर्ण बाहेर न येणारी. तापल्यावर ती सैल पडते, म्हणून कामात एक-दोनदा आवळावी लागते. काम संपल्यावर मात्र ती पुन्हा सैल करा. तापलेली आवळलेली साखळी थंड होताना आकसते आणि क्रँकशाफ्टवर भार येतो.

बारच्या तेलाची टाकी पेट्रोलबरोबर प्रत्येक वेळी भरायची. तेल येतंय का हे बघायला बारचं टोक वर्तमानपत्रासमोर वीतभर अंतरावर धरून मशीन रेझ करा. कागदावर तेलाची रेघ उठली पाहिजे. गाडीचं जळकं ऑइल इथे घालू नका. त्यातली धातूची कीस पंप खाते, आणि ते तुमच्या कातडीवर, विहिरीच्या काठावर उडतं.

इंजिनाचं पेट्रोल टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल मिसळलेलंच. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, पाच लिटरच्या कॅनला १००. मॅन्युअल २५ ला १ सांगत असेल तर लिटरला ४०. टू-स्ट्रोकला वेगळं वंगण नसतं, साध्या पेट्रोलवर पिस्टन जाम होतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते कोकणच्या हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून लागेल तेवढंच मिसळा, महिन्याच्या वर ठेवू नका. इंजिन थंड झाल्यावर भरा, आणि भरलेल्या जागेपासून तीन मीटर लांब जाऊन चालू करा.

[दृश्य: उघडलेलं साइड कव्हर, स्प्रॉकेटभोवती गुंडाळलेले माडाचे तंतू.]

संध्याकाळी साइड कव्हर उघडा. माड कापला असेल तर स्प्रॉकेटभोवती तंतू गुंडाळलेले सापडतील, ते तेलाचा रस्ता अडवतात. बारची खाच पातळ पत्र्याने खरवडा, तेलाचं छिद्र काडीने मोकळं करा, बार उलटा करून बसवा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. एअर फिल्टर झटका. पावसाळाभर मशीन ठेवायचं असेल तर पेट्रोल काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर कार्बोरेटरमधला पडदा कडक होतो. साखळी तेलात बुडवून ठेवा, बारवर म्यान चढवा, आणि मशीन मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, कोरड्या जागी ठेवा.