रणगाडा निवडताना आधी पूल बघा

श्रोतेहो, नमस्कार.

नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात पोरं पहिली धावतात ती तोफेच्या नळीकडे. मी मात्र वजन किती ते विचारतो. रणगाडा घेताना तोफेची आणि चिलखताची चर्चा फार होते, पण वाटेतला पूल काय पेलेल, हा प्रश्न त्याआधीचा आहे. आपला अर्जुन मार्क-1ए सुमारे 68 टनांचा आहे. वाळवंटात तो शोभतो, पण म्हणून लडाखच्या घाटात कोणी चढवणार नाही.

1948 साली काश्मीरच्या युद्धात, लडाखच्या वाटेवरच्या झोजी खिंडीत पायदळाचे हल्ले अडले, तेव्हा 7 लाइट कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे स्टुअर्ट रणगाडे तिकडे नेले गेले. वजन 15 टनांच्या आतबाहेर. तरीही वाटेतल्या पुलांसाठी, आणि शत्रूला सुगावा लागू नये म्हणून, त्यांचे बुरूज, म्हणजे तोफ बसवलेले वरचे फिरते भाग, उतरवून ठेवावे लागले. पुढे गेल्यावर ते पुन्हा बसवले. 1 नोव्हेंबरला साडेअकरा हजार फुटांच्या आसपास, बर्फात, रणगाडे समोर उभे ठाकले. असं काही इथवर येईल हे समोरच्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. रणगाड्यांनी वाट मोकळी केली आणि मागून आलेल्या पायदळाने खिंड ताब्यात घेतली. 1962 मध्ये एएमएक्स-13 हे हलके रणगाडे तर थेट विमानातून लडाखमधल्या चुशूलला उतरवले.

आता उलटी गोष्ट. 1965 चं युद्ध, पंजाबात खेमकरणजवळचं असल उत्तर हे गाव. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्या काळी नावाजलेले. आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडलं, रणगाडे उसात दडवले आणि वाट पाहिली. चिखलात रुतलेला पॅटन म्हणजे आयतं निशाण! हवालदार अब्दुल हमीद तर उघड्या जीपवरच्या रिकॉइललेस, म्हणजे मागे झटका न देणाऱ्या हलक्या तोफेने लढले. चिलखत नाही, डोक्यावर छप्पर नाही. आठ वर्षांनी, 1973 च्या अरब-इस्रायल युद्धात, सिनाईच्या वाळवंटात इजिप्तचे शिपाई सुटकेससारख्या पेटीतून क्षेपणास्त्रं घेऊन वाळूत दबा धरून बसले, आणि सोबत पायदळ न घेता धावून आलेल्या इस्रायली रणगाड्यांची दाणादाण उडाली.

मग शिपायाने रणगाड्याच्या वेगाने जायचं कसं? आपल्याकडे त्याचं उत्तर जनरल के. सुंदरजी यांच्या आग्रहातून आलं. 1979 मध्ये मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट उभी राहिली. तिचं केंद्रही नगरलाच. तिची गाडी बीएमपी: पट्ट्यांवर धावते, पाण्यात तरंगते, वजन 14 टनांच्या घरात. बीएमपी-2 मध्ये मागच्या भागात सहा जवान पाठीला पाठ लावून बसतात, आणि त्या पाठींच्या मध्ये असते डिझेलची टाकी. मागच्या जाड दरवाजांतही डिझेलच. बाहेरून ही गाडी ऐटबाज दिसते, पण त्या बाकावर तासभर बसून बघा! चिलखत एवढं पातळ की रणगाड्यांच्या गोळ्यांपुढे तिने उभंच राहायचं नाही. ती टॅक्सी आहे की लढाईची गाडी, हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते ती शिपायाला योग्य बांधापर्यंत नेऊन सोडते आणि मागून 30 मिलिमीटरच्या तोफेने त्याला आधार देते. त्यापुढे चालायचं ते त्यानेच.

युक्रेनमध्ये तर बुरुजांवर लोखंडी जाळ्या ठोकलेल्या दिसतात, वरून पडणाऱ्या ड्रोनसाठी. रणगाडा आता झाडीत जास्त लपतो आणि पायदळ आकाशाकडे बघत चालतं.

आणि गंमत बघा. एएमएक्स आणि पीटी-76 असे हलके रणगाडे आपण कधीच निवृत्त केले होते. 2020 मध्ये लडाखमध्ये चीनसमोर उभं राहायची वेळ आली, तेव्हा चाळीस टनांहून जड टी-72 आणि टी-90 वर चढवावे लागले. त्यानंतर 25 टनांच्या 'झोरावर' या नव्या हलक्या रणगाड्याची घाई सुरू झाली. 2024 च्या अखेरीस त्याच्या उंचावरच्या चाचण्या झाल्या. नगरला गेलात तर पॅटनपाशी जरूर थांबा. पण जुने, बुटके, हलके रणगाडेही न्याहाळा. झोरावर त्यांच्याच गोतावळ्यातला आहे.

नमस्कार.