अमक्याच्या पत्नीस मुलगी

(पडद्यावर: पिवळट वर्तमानपत्राचं पान, वरपासून खालपर्यंत बारीक टाइपाचे रकाने. कॅमेरा हळूहळू पहिल्या रकान्याजवळ जातो.)

हा सिडनी मॉर्निंग हेरल्डचा जुना अंक. पहिल्या पानावर बातमी शोधू नका, मिळायची नाही. 1944 सालापर्यंत या वर्तमानपत्राचं पहिलं पान जाहिरातींचंच असायचं. कोणतं जहाज कधी सुटणार, कुणाला स्वयंपाकीण हवी आहे, कुणाचा घोडा हरवला आहे, सगळं इथेच. आणि डाव्या हाताला वर, जन्म, लग्न, मृत्यू.

जन्माची सूचना वाचू या. साचा ठरलेला आहे. तारीख, मग गावाचं किंवा घराचं नाव, आणि मग: "श्री. अमुक यांच्या पत्नीस मुलगी."

एवढंच. बाळाचं नाव नाही, कारण अजून ठेवलेलं नाही. आईचं नाव मात्र ठेवून अठरा-वीस वर्षं झालेली असतात, तरी तेही नाही. जिने नऊ महिने पोटात वाढवलं ती या ओळीत आहे, पण नवऱ्याच्या नावाआड.

ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या खेडवळ कुटुंबाचा माग काढायला बसलं की पहिली ठेच इथे लागते. आजोबा, पणजोबा भराभर सापडतात. पणजीला शोधायचं तर आधी पणजोबांना शोधावं लागतं.

(पडद्यावर: डोंगरांच्या कुशीतलं मजी गाव, द्राक्षमळे, मातीचा रस्ता.)

हे मजी. सिडनीच्या वायव्येला, डोंगर ओलांडून गेल्यावर लागणारं गाव. हा विराजुरी या मूळनिवासी लोकांचा मुलूख. या गावाजवळच्या गंटावँगला 17 फेब्रुवारी 1848 रोजी एक मुलगी जन्मली, लुईझा ऑलबरी. बारा भावंडांतली दुसरी. वडील गुरांच्या मोठ्या वाडीवर कामाला, आई शिवणकाम करणारी.

7 जुलै 1866 रोजी मजीतच तिचं लग्न झालं. मुलगी अठरा वर्षांची. नवरा नॉर्वेचा खलाशी, नील्स लार्सन, तिच्याहून बराच मोठा. 1855 मध्ये मेलबर्नला जहाज लागलं तेव्हा तो उतरला आणि सोन्याच्या खाणींकडे गेला तो परत जहाजावर चढलाच नाही. पुढच्या वर्षी, 17 जून 1867 ला, ग्रेनफेलच्या सोनखाणीवर त्यांना पहिला मुलगा झाला. जन्मनोंदीत आडनाव लिहिलं गेलं ते लार्सन नव्हे, लॉसन. नील्सचाही पीटर झाला.

मुलाचं नाव हेन्री लॉसन. ऑस्ट्रेलियात हे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. 1966 साली देशात डॉलर आले तेव्हा दहाच्या पहिल्या नोटेवर याच लेखकाचा चेहरा होता. पण हा लघुपट हेन्रीचा नाही. त्याच्या आईचा माग जुन्या कागदांत कसा काढायचा, त्याचा आहे.

(पडद्यावर: संगणकावर शोधाची रिकामी चौकट, लुकलुकणारी रेघ.)

ट्रोव्ह. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं हे भांडार 2009 पासून लोकांसाठी फुकट खुलं आहे. 1803 साली सिडनी गॅझेट निघालं, तिथपासून साधारण 1954 पर्यंतची वर्तमानपत्रं इथे बसल्या जागी वाचता येतात. 1954 च का, तर त्यापुढच्या छपाईवर स्वामित्वहक्क लागू होतो. शोध घेताना "कौटुंबिक सूचना" एवढाच विभाग निवडता येतो. आजोळ शोधणाऱ्या माणसाला यापरतं सुख नाही.

अडचण नावांची. "लॉसन" टाका, लार्सन राहून जातो. "लार्सन" टाका, तर 1867 नंतरचं अख्खं घर गायब. खाणींवर असं घरोघरी झालेलं आहे. नॉर्वेचा, जर्मनीचा, चीनचा माणूस कारकुनासमोर उभा राहून आपलं नाव सांगतो, कारकून कानाला जसं लागेल तसं लिहितो आणि पुढच्या सात पिढ्या तेच आडनाव लावतात. त्यात भर यंत्राची. जुनी पानं मायक्रोफिल्मवर, म्हणजे बारीक छायाचित्रांच्या फितीवर होती, त्यांवरून यंत्राने अक्षरं ओळखली. शाई फुटलेली असेल, पान चुरगळलेलं असेल, तर यंत्राला एक दिसतं आणि छापलेलं असतं दुसरंच. म्हणून जाणती माणसं नावामागे लागत नाहीत. गावाचं नाव टाकतात, घराचं नाव टाकतात, शेजाऱ्याचं टाकतात. वर्ष पक्कं करून तो आठवडा अथपासून इतिपर्यंत वाचून काढतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जन्ममृत्यूच्या या सूचना पैसे भरून छापायच्या असत. वाडीवाल्या जमीनदाराच्या घरी पाळणा हलला की सिडनीच्या पत्रात ओळ येणारच. चाळीस एकर कसणाऱ्याच्या घरी ती येईलच असं नाही. गरिबाचं घर शोधायचं तर पान उलटावं लागतं, पुढच्या रकान्यांत जावं लागतं.

(पडद्यावर: सरकारी गॅझेटचं पान. नावांच्या याद्या.)

टपालात पडून राहिलेल्या, कुणी न उचललेल्या पत्रांची यादी पाहा. सरकारी गॅझेटात ती छापून यायची. माणूस एका खाणीवरून दुसऱ्या खाणीवर निघून गेलेला, मागाहून त्याच्या नावाचं पत्र आलेलं. आई लिहिते आहे की भाऊ, ते यादीवरून कळत नाही. पण त्या सुमारास तो त्या गावात असावा अशी कुणाची तरी समजूत होती, हे कळतं. भटक्या माणसाचा एवढाच पत्ता.

मग जमिनीच्या याद्या. 1861 चे रॉबर्टसन कायदे आले आणि न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी-मजीच्या या वसाहतीत, साध्या माणसालाही सरकारी जमिनीचा तुकडा निवडता येऊ लागला. चाळीस एकरांपासून तीनशेवीस एकरांपर्यंत. एकरी एक पौंड भाव, त्यातला चौथा हिस्सा आधी भरायचा, आणि तीन वर्षं तिथेच राहून दाखवायचं. अशा शेतकऱ्याला सिलेक्टर म्हणत. लॉसन कुटुंब 1873 मध्ये मजीजवळच्या पाइपक्लेला, पुढे ज्याला यूरंडेरी म्हणू लागले तिथे, अशाच जमिनीवर स्थिरावलं. स्थिरावलं म्हणायचं इतकंच. पीटर कामासाठी सारखा बाहेर. घर, गुरं, पोरं लुईझाच्या अंगावर.

(पडद्यावर: कोंडवाड्याच्या सूचनेचा एक तुकडा, अक्षरं मोठी होत जातात.)

हा रकाना मला सगळ्यांत आवडतो. कोंडवाडा. दुसऱ्याच्या रानात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घातलं की त्याचं वर्णन छापावं लागे. "तांबडी घोडी, मागचा एक पाय पांढरा, डाव्या खांद्यावर अमुक अक्षरांचा डाग. अमुक तारखेपर्यंत सोडवून न नेल्यास विकण्यात येईल." पाहा, घोडीचा रंग आहे, पाय आहे, खांदा आहे, खांद्यावरचा डागसुद्धा आहे. आणि दोन रकाने डावीकडे, जन्माच्या सूचनेत, बाळंतिणीचं नाव नाही.

त्या डागावरून मालक सापडतो, कारण डागांची सरकारदरबारी नोंद असे. कोरड्या वर्षांत हा रकाना लांबतो. कुंपण मोडून चाऱ्याकडे गेलेली जनावरं त्यात भरलेली असतात. शेत बसलं की लिलावाची जाहिरात येते: नांगर, छकडा, दुभत्या गाई, कोंबड्या, घरातलं सामान. यादी वाचता वाचता ते घर डोळ्यांपुढे उभं राहतं.

बायका कुठे दिसतात? एका जागी हमखास दिसतात. नवऱ्याने दिलेली जाहिरात: "माझी पत्नी घर सोडून गेली आहे. यापुढे तिने केलेल्या कुठल्याही उधारीस मी जबाबदार नाही." गावचा दुकानदार पीठ-साखर उधारीवर द्यायचा, आणि बायकोची उधारी नवऱ्याने फेडायची असा कायदा. म्हणून ही दवंडी. न्यू साउथ वेल्समध्ये विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा पुरता कायदा व्हायला 1893 उजाडावं लागलं. या जाहिरातीत बायकोचं नाव पहिल्यांदा धडधडीत छापलेलं सापडतं. ती का गेली, हे मात्र तिच्या तोंडून क्वचितच कुठे छापलेलं आहे.

आणि काही माणसं या पानांवर याही वाटेने येत नाहीत. ज्या विराजुरींच्या जमिनीचे चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे झाले, त्यांच्या घरचे जन्म आणि मरण या रकान्यांत नाहीत. 1824 साली बाथर्स्टच्या मुलखात त्यांच्याविरुद्ध लष्करी कायदा पुकारला गेला, तो हुकूम छापील सापडतो. त्यांच्या वारसांना आपले पूर्वज बहुतेक वेळा कोर्टाच्या बातम्यांत आणि सरकारने वाटलेल्या घोंगड्यांच्या याद्यांत शोधावे लागतात.

(पडद्यावर: यूरंडेरीचा माळ. वारा. जुन्या चुलीच्या विटांचा ढीग.)

पाइपक्लेची दहा वर्षं. 1876 मध्ये इथे शाळा निघाली. शाळा मिळावी म्हणून जी माणसं सरकारच्या मागे लागली, त्यांत लुईझा पुढे होती. हेन्री याच शाळेत गेला, आणि याच वर्षांत त्याचे कान जाऊ लागले. पुढे तिला जुळ्या मुली झाल्या. त्यांतली एक तान्हेपणीच गेली. त्या लेकीवर लुईझाने कविता लिहिली.

1883 मध्ये लुईझा धाकट्या मुलांना घेऊन सिडनीला निघून गेली. पीटरकडून पैसे येत, पण भरवसा नाही. तिने लोकांचे कपडे धुतले, शिवण घेतलं, घरात भाडेकरू ठेवले. आणि पै-पै साठवून, 1887 मध्ये, द रिपब्लिकन नावाच्या लहानशा पत्रात भागीदारी विकत घेतली.

(पडद्यावर: छपाईच्या खिळ्यांची, म्हणजे सुट्या अक्षरांची पेटी. एक हात शिशाचे खिळे उचलून ओळ जुळवतो आहे.)

मे 1888. द डॉन या मासिकाचा पहिला अंक. संपादक म्हणून नाव डोरा फाल्कनर. हे लुईझानेच घेतलेलं नाव. आत पाककृती, कपड्यांचे बेत, कविता, आणि त्याच पानांवर घटस्फोटाचा कायदा, बायकांची मजुरी, मताचा हक्क. लिहिणाऱ्या बायका होत्याच, पण खिळे जुळवणाऱ्याही बायकाच होत्या. याने छापखान्यांतली पुरुषांची संघटना खवळली. बायकांना संघटनेत घ्यायचं नाही, आणि संघटनेबाहेरचं म्हणून त्यांच्या हातचं कामही होऊ द्यायचं नाही. बहिष्कार घालण्याचा प्रयत्न झाला. लुईझा हटली नाही, डॉन छापून निघतच राहिला.

त्याच वर्षी, 31 डिसेंबरला, पीटर माउंट व्हिक्टोरिया इथे वारला. या काळातल्या मृत्युसूचनांत विधवेसाठी एक खास इंग्रजी शब्द असे, त्याचा धात्वर्थ "मागे उरलेली". मागे उरलेल्या लुईझाच्या हाती नवऱ्याचे 1,103 पौंड आले. तिने ते छापखान्यात घातले, यंत्रसामग्री वाढवली.

मे 1889 मध्ये तिने डॉन क्लब सुरू केला. सिडनीच्या बायका तिथे जमून मताच्या हक्काबद्दल बोलू लागल्या, आणि 1902 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या बायकांना मत मिळालं. डॉन 1905 पर्यंत चालला. सतरा वर्षं.

12 ऑगस्ट 1920 रोजी लुईझा ग्लेड्सव्हिलच्या मनोरुग्णालयात वारली. दोन वर्षांनी, 2 सप्टेंबर 1922 ला, हेन्री गेला. त्याला सरकारी इतमामात निरोप दिला गेला. दोघांच्या मरणाची बातमी वर्तमानपत्रांत कुठे नि किती जागा व्यापते, हे ट्रोव्हवर तारखा टाकून ज्याने त्याने स्वतः पाहावं. मी सांगण्यापेक्षा ते बरं.

(पडद्यावर: ट्रोव्हवर द डॉनचा अंक. उजवीकडे छापील पान, डावीकडे यंत्राने ओळखलेली अक्षरं.)

कितीतरी वर्षं डॉन वाचायचा तर ग्रंथालयात जाऊन वाचावा लागे. ट्रोव्हवर तो नव्हता. मग लोकांनी वर्गणी गोळा केली, आणि 2012 मध्ये, महिला दिनाला, सगळे अंक खुले झाले.

आता डाव्या बाजूला पाहा. यंत्राने एका ओळीचा चुराडा केला आहे. ट्रोव्हवर कुणीही ती ओळ दुरुस्त करू शकतं, 2008 पासून लोक ते करत आहेत. कुणी रात्री जेवणं झाल्यावर बसतं, कुणी निवृत्त झालंय, कुणाला त्याच रकान्यात आपलंच घर सापडलेलं असतं. पान मोठं करायचं. शाईचा डाग निरखायचा. हा "व" आहे की "ब", ठरवायचं. मग टंकायचं, आणि खालच्या ओळीवर जायचं.

खालची ओळ जन्माची आहे. तारीख, गाव, नवऱ्याचं नाव. पत्नीस मुलगी.

(पडद्यावर: रेघ लुकलुकते. कुणीतरी अक्षरं टंकू लागतं.)